स्टँडखाली काय ठेवायचं

ऑक्टोबरात डोंगराखालच्या नामासांगा गावच्या चौकात माणसाची पारख त्याच्या गाडीच्या स्टँडखाली काय आहे यावरून होते. तिथली माती लाल. उन्हात ती विटेसारखी कडक होते, पण पाऊस सुरू झाला की अशी लोण्यासारखी मऊ पडते की उभी केलेली मोटारसायकल मालकाची पाठ वळायच्या आत कलंडते.

आंब्याच्या झाडाखाली गिऱ्हाईकं नेणाऱ्या भाड्याच्या अकरा मोटारसायकली लागायच्या आणि अकरा जणांच्या अकरा तऱ्हा. मकोबानं तेलाचा डबा चेचून त्याची चकती केली होती आणि भोक पाडून सुतळीनं हँडलला टांगली होती. म्हातारा वोझेयी टायरच्या चपलेचा तळवा वापरायचा. एकानं तर बायकोच्या पोळपाटासारखी गोल लाकडी फळी घडवून घेतली होती आणि तिला तो दर रविवारी तेल लावायचा. गाडी उभी करायची, वाकायचं, चकती सारायची, मगच माणसानं माणसाशी बोलायचं. आणि ज्याची गाडी पडली त्यानं त्या दिवशी सगळ्यांच्या गाड्यांचा चिखल धुवायचा, हा चौकाचा कायदा.

वामिंबीकडे यातलं काही नव्हतं. तो जिथं थांबेल तिथं केळीच्या बुंध्याचं सोपट तोडायचा आणि स्टँडखाली सरकवायचा. "केळी काय, जाल तिथं हायत. उगा लोढणं कशाला बाळगायचं?" असं त्याचं म्हणणं. सोपट ताजं असेपर्यंत टिकायचं. मग त्यातलं पाणी पिळून निघायचं, ते बसायचं आणि त्याच्याबरोबर गाडीही बसायची. त्याची बायको नाफुना तीन महिने त्याच्या कानीकपाळी ओरडत होती की एक फळी घे, एक दगड घे, काही तरी घे. वामिंबी हो म्हणायचा. हो म्हणण्यात त्याचा हात कुणी धरला नसता.

त्या मंगळवारी बाजार भरला होता. नाफुना मागं एकीकडे पाय सोडून बसली होती आणि मांडीवर टोमॅटोनी भरलेली परात होती. चौकात वामिंबीनं गाडी थांबवली, सोपट सारलं आणि उतरला.

"बसून ऱ्हा. फोन चार्जिंगला देऊन आलोच."

"मला आधी उतरू दे."

"आता उतरणार, परत चढणार. बस की गं दोन मिनिटं!"

फोन चार्जिंगला लावायला दोन मिनिटं पुरली असती, पण दुकानात मकोबा भेटला. काल एका गिऱ्हाईकानं दोन बकऱ्यांना पुढं-मागं बसवून कसं नेलं ते तो सांगत होता, आणि अशी गोष्ट अर्ध्यात सोडून जाणं वामिंबीला जमत नसे. बाहेर एकदम ओरडा झाला. तो धावला. गाडी आडवी, परात उपडी, बाजारभर टोमॅटो, आणि नाफुना कानापर्यंत चिखलात.

वामिंबीनं दोन उड्या मारल्या आणि गाडी उचलली.

बाजार असा हसला की सांगता सोय नाही. मासळीवाल्या बाया पोट धरून खाली बसल्या. वामिंबी दोन्ही हातांनी गाडी धरून उभा, आणि बायको त्याच्या पायाशी.

"प्येट्रोल सांडत होतं," तो म्हणाला.

नाफुना आपली आपण उठली. तिनं तोंड पुसलं नाही, टोमॅटो वेचले नाहीत. रिकामी परात डोक्यावर घेतली आणि घरची वाट सोडून डोंगराकडची धरली. वर दीड तासाच्या चढावर बुनासेके, तिचं माहेर. तिच्या पाठीवर चिखलाचा मोठा ठसा उमटलेला होता आणि तो शेवटच्या केळीच्या बागेपर्यंत दिसत राहिला.

वामिंबीनं त्या दिवशी दहा गाड्या धुतल्या. मकोबा बाजूला उसाचं कांडं सोलत बसला होता.

"आरसा फुटला न्हाई ना रं गाडीचा?"

"न्हाई."

"मग झालं तर! बायकू काय, धुतली की निघंल. आरसा आणायला पार शहरात जावं लागतं."

वामिंबीनं चिखलाचा फडका त्याच्या अंगावर फेकला. पण त्याला हसू आलं नाही.

पुढचे दिवस घरानं त्याला चांगलंच वाकवलं. कॉफीची फळं लाल होऊन गळायला लागली होती. पहाटे टोपली कमरेला बांधून तो मळ्यात शिरायचा. नाफुना दोन्ही हातांनी दोन फांद्या वेचायची आणि तोंडानं गाणं म्हणायची. त्याला एक फांदी वेचायला दोन हात लागत आणि श्वास गाण्यापुरता उरत नसे. ओल्या पानांचं पाणी बाहीतून काखेपर्यंत जाई. मग चूल पेटवायची, ती पेटायची नाही. कच्ची केळी पानांत गुंडाळून वाफवायला ठेवली तर खालून पाणी आटून गेलं. सहा वर्षांच्या लेकीनं, नामोनोनं, पान उघडून बघितलं.

"आईचं पिवळं असतं. हे काळं का?"

"वरचं पिवळंच हाय. वरचं खा."

तिनं वरचं खाल्लं. केस मात्र त्याला विंचरू दिले नाहीत. तिसऱ्या दिवशी वामिंबीची आत्या मुगिदे आली, पोरीचं डोकं बघितलं आणि तिला आपल्या सुनेकडे पोचवून आली. मग परत येऊन उंबऱ्यात बसली.

"ऐतवारी जायाचं वर. मी येते संगं. कोंबडा, साखर, साबण. तोंडानं कमी बोलायचं. आन् सासूच्या वाऱ्याला उभं ऱ्हायाचं न्हाई, ध्यानात हाय ना?"

ते काय विसरण्यासारखं होतं? जावयानं सासूचं तोंड बघायचं नाही, तिच्याशी बोलायचं नाही, तिच्या चुलीच्या भिंतीला हात लावायचा नाही. सात वर्षांत वामिंबीनं सासूची, म्हणजे काकाईबाईंची, फक्त पाठ बघितली होती, तीही पळताना.

"लेकी आईच्या वळणावर जातात म्हणं," तो म्हणाला. "आता नाफुनाची बी पाठच दिसंल का काय मला?"

"तू आधी तिला उचलली असतीस तर तोंड दिसलं असतं," आत्या म्हणाली.

हे बोलणं त्याला लागलं. रात्री त्याला झोप आली नाही, आणि विचार करून करून तो एका गोष्टीवर आला की सगळ्याचं मूळ स्टँड आहे. बायको गेली ती स्टँडपायी, तर ती येईलही स्टँडपायी. सकाळी तो घरभर लोखंड शोधत फिरला. चुलीमागं एक जुनी कुदळी होती. दांडा सैल, पातं झिजून झिजून तळहाताएवढं राहिलेलं. त्यानं दांड्यातून पातं ठोकून काढलं आणि वेल्डिंगवाल्याकडे नेलं. त्यानं ते स्टँडच्या टोकाला आडवं जोडून दिलं. बदकाच्या पायासारखा रुंद, पसरट पाय.

चौकात वामिंबीनं गाडी मुद्दाम सगळ्यात वाईट जागी, गटाराच्या कडेला उभी केली आणि हात सोडून बाजूला झाला. गाडी उभी राहिली. मकोबानं सीट दाबलं, मग वर बसून बघितलं. गाडी हलली नाही. म्हातारा वोझेयी वाकून बराच वेळ बघत राहिला.

"आमी येवढी वर्सं खिशात चपला घेऊन फिरलो," तो म्हणाला, "आन् ह्यानं गाडीलाच चप्पल घातली की रं!"

त्या दिवशी तिघांनी त्याला विचारलं, पातं कुठं मिळालं. वामिंबीची छाती फुगली. आता नाफुनानं बघावं, एवढीच त्याची इच्छा होती.

रविवारी आत्या मागं बसली. मांडीवर कोंबडा, पिशवीत साखर-साबण. चढावर दोनदा तिला उतरावं लागलं आणि एकदा कोंबड्यानं वामिंबीच्या पाठीला चोच मारली. बुनासेके आलं तेव्हा ढग खाली उतरले होते. सासऱ्यांच्या अंगणात पाय टाकला की घोट्यापर्यंत जात होता. वामिंबीनं गाडी बरोबर मधोमध लावली, सगळ्यांना दिसेल अशी. ती उभी राहिली.

वळचणीखाली सासरे, कुलोबामामा, दोन शेजाऱ्यांबरोबर बसले होते. मधे नाचणीच्या दारूचं मडकं आणि त्यात तिघांच्या दारू ओढायच्या लांब नळ्या. काकाईबाईंनी जावयाला बघितलं मात्र, डोक्यावरून कापड ओढलं आणि केळीत पळाल्या.

"या जावईबापू," मामा म्हणाले. "मुगिदेबाई, बसा. एक नळी अजून हाय. कसं काय येणं केलंत?"

वामिंबी उभाच राहिला. "मामा, आमच्या घरचं एक माणूस तुमच्याकडं आलंय. ते न्यायला आलोय."

"माणूस? आमी ऐकलं, तुमच्या घरी एक गाडी हाय आन् तिची लई काळजी घेतात. माणसाचं काय ऐकलं न्हाई बुवा."

शेजारी नळीत फुर्रकन हसले. वामिंबीचे कान तापले. "चुकलं माझं. पण आता बघा, गाडी पडणारच न्हाई. तिला पाय करून घेतलाय. या चिखलात बी..."

तेवढ्यात केळीतून आवाज आला. तिथं खुंट्याला एक शेळी बांधलेली होती आणि काकाईबाई शेळीशी बोलत होत्या. जावयाशी त्यांना बोलायचं नव्हतं. शेळीला काही बंदी नव्हती.

"काय गं शेळे, त्या गाडीच्या पायाला काय लावलंय ते?"

शेळी काही बोलली नाही.

"मला म्हातारीला लांबचं दिसत न्हाई, पण त्येच्यावर तीन टोले हायत का बघ. माझ्या आईनं लोहाराकडनं मारून घेतले होते. ती कुदळी मी माझ्या लेकीला लग्नात दिली, शेळे. माझ्या आईची कुदळी. आता तिच्यावर गाडी उभी ऱ्हातीय व्हय गं?"

वामिंबीनं खाली बघितलं. पात्यावर एकाखाली एक तीन खळगे होते. इतक्या दिवसांत त्याला ते गंजाचे वाटले होते. या डोंगरात आईची कुदळी लेकीला जाते, आणि झिजली तरी टाकत नाहीत, चुलीमागं ठेवतात. हे त्याला माहीत नव्हतं असं नाही. त्याच्या डोक्यातच आलं नाही.

"अरं मुडद्या!" आत्या म्हणाली आणि तोंडातली नळी काढून ठेवली.

आता काय करावं? सासूला तोंड उघडून माफी मागावी तर तो दुसरा गुन्हा. वामिंबी शेळीकडे वळला.

"शेळे," तो म्हणाला, "त्यांना सांग, माझी नजर गेली होती. मला ते भंगार वाटलं."

"शेळे, त्येला इचार," केळीतून आलं, "सात वर्सं त्या कुदळीनं खुरपलेल्या शेंगा खाल्ल्या, तेव्हा भंगार वाटलं न्हाई का?"

"शेळे, सांग, न्हाई वाटलं. लई ग्वाड होत्या शेंगा."

"शेळे, त्येला म्हणावं, ग्वाड बोलायला कुठं शिकला?"

शेळी एकदा इकडे, एकदा तिकडे बघत होती. शेवटी तीच कंटाळून बें करून ओरडली आणि कुलोबामामांच्या तोंडातून दारूचा फवारा उडाला. शेजाऱ्यांना ठसका लागला. आत्या हसून डोळे पुसायला लागली. वामिंबीला मात्र हसावं की रडावं कळेना, कारण दारात नाफुना येऊन उभी राहिली होती.

तिचं तोंड दिसलं. तीन महिन्यांनी दिसावं तसं त्याला ते दिसलं.

"कुदळी सोडव," ती म्हणाली. "मग बघू." आणि आत गेली.

शेजाऱ्यानं हातोडा आणि छिन्नी आणून दिली. दोघांनी गाडी धरली आणि वामिंबी चिखलात बसून ठोकत राहिला. वेल्डिंगवाल्यानं काम चोख केलं होतं. दोनदा हातोडा अंगठ्यावर बसला. शेवटी पातं निघालं, पण स्टँड वाकून असं वर गेलं की आता दगडावरसुद्धा गाडी उभी राहिली नसती. आत्यानं पातं आत नेलं. आणि नेमका तेव्हाच पाऊस आला.

शेजारी वळचणीला पळाले. वामिंबी गाडी धरून अंगणाच्या मधोमध.

"टेकव की कुठं तरी!" मामा ओरडले.

टेकवणार कुठं? घराच्या वळचणीत तीन माणसं, मडकं आणि पोती. एकच भिंत मोकळी होती, ती काकाईबाईंच्या चुलीची. कुंपण म्हणजे ओल्या काठ्या. आडवी करावी तर त्या आडव्या गाडीपायीच तर हे सगळं घडलेलं, या माणसांसमोर ती परत आडवी करायचं त्याच्या जिवावर आलं. म्हणून तो धरून उभा राहिला. पाणी मानेतून आत शिरलं आणि पँटच्या पायांतून बाहेर आलं. पाय हळूहळू रुतत होते. आधी डावा हात बधिर झाला, मग उजवा. चुलीकडून शेंगदाण्याच्या कुटात शिजणाऱ्या बांबूच्या कोंबांचा वास येत होता आणि त्यानं सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. शेळीनं दावं ताणून ताणून गाडीच्या सीटखाली डोकं घातलं आणि तीही उभी राहिली.

"शेळे," केळीतून आवाज आला, आता जरा नरम. "पाव्हण्याला म्हणावं, डोळं मीट."

वामिंबीनं डोळे मिटले. चिखलात पावलं वाजली, थांबली, परत वाजली. मग डोक्यावरचा पाऊस अचानक थांबला. त्यानं एक डोळा किंचित किलकिला केला. काकाईबाई उलट्या चालत आल्या होत्या. पाठ त्याच्याकडे, कापड डोक्यावरून हनुवटीपर्यंत, आणि मागं वळवलेल्या हातांत केळीचं एक अख्खं पान, ते त्याच्या डोक्यावर धरलेलं. म्हणजे पोचवायचं होतं डोक्यावर. प्रत्यक्षात पानाचं टोक त्याच्या नाकात जात होतं.

"शेळे, बरोबर डोक्यावर हाय का गं?"

"शेळे, जरा वर सांग," वामिंबी म्हणाला.

पान वर गेलं. आता त्यावर साठलेलं सगळं पाणी त्याच्या शर्टात ओतलं गेलं. त्याच्या घशातून एक विचित्र आवाज निघाला. त्यानं हसू दाबलं, पण समोरची पाठ हलताना दिसली. काकाईबाईसुद्धा हसत होत्या, कापडात तोंड कोंबून. मग त्याचाही बांध फुटला. सासू आणि जावई एकमेकांकडे न बघता, एका पानाखाली, पावसात उभे राहून हसले. मामा नंतर म्हणाले की या अंगणात असलं काही त्यांनी जन्मात बघितलं नव्हतं.

पाऊस ओसरला तेव्हा नाफुना बाहेर आली. हातात जेवणाचं पान आणि काखेत गाठोडं. गाडीचं एक हँडल तिनं धरलं आणि वामिंबीनं उभ्या उभ्या खाल्लं.

"कॉफी गळायला लागली म्हणं," ती म्हणाली.

"लागलीय."

"पोरीचं डोकं?"

"बघण्यासारखं न्हाई."

"मग कॉफी येचायला येते. पोरीसाठी येते. तुझ्यासाठी न्हाई. येचून झाली की परत वर."

आत्यानं मडक्यात अजून अर्धी दारू आहे हे बघून उद्या येते म्हणून सांगितलं. वामिंबीनं किक मारली. गाडी सुरू झाली नाही. पावसानं प्लग भिजला होता. आठ-दहा किका मारून पाय दुखायला लागला.

"उतारच हाय," नाफुना म्हणाली आणि मागं बसली. "सोड."

त्यानं गाडी सोडून दिली. इंजिन बंद, नुसती चाकं फिरत होती. केळी मागं जात होत्या, ढग फाटून खालच्या शेतांवर ऊन पडलं होतं, आणि रस्त्यावर त्यांच्या गाडीचा काही म्हणजे काही आवाज नव्हता. ओहोळ वाजताना ऐकू येत होते. सात वर्षं नाफुना या सीटवर बसून त्याच्या कानाशी बोलत आली होती आणि इंजिनाच्या आवाजात निम्मं वाऱ्यावर गेलं होतं. आज तिचा श्वाससुद्धा ऐकू येत होता.

"तुला सांगू?" ती म्हणाली. "पडले ना, तवा पैलं मलाच हसू आलं होतं."

"मग?"

"मग तू आलास. मला वाटलं, आता हात देईल."

एक वळण गेलं. दुसरं गेलं. पाच दिवसांत त्यानं दहा गाड्या धुतल्या, स्टँड करून घेतलं, कोंबडा आणला, शेळीची माफी मागितली. एक गोष्ट तेवढी राहिली होती.

"नाफुना, तुला लागलं होतं का गं?"

ती हळूच म्हणाली, "गुडघा."

त्यानं ब्रेक दाबला. रस्त्याच्या एका बाजूला दरड, दुसऱ्या बाजूला भिजलेलं गवत. झाड नाही, दगड नाही, भिंत नाही. ती उतरली. त्यानं गाडी एकदा इकडे बघून, एकदा तिकडे बघून सरळ चिखलात आडवी टाकली.

"अरं, प्येट्रोल सांडंल!"

"सांडू दे."

तो तिच्यासमोर चिखलात गुडघे टेकून बसला आणि तिचं लुगडं जरा वर सारलं. गुडघ्यावर खपली धरली होती, भोवती निळंजांभळं. त्यानं अंगठ्यानं कडेकडेनं दाबलं, अगदी हळू. त्याचा अंगठाही हातोड्यानं निळा झालेला होता.

"आईला मी तवाच सांगितलं होतं," नाफुना वरून म्हणाली. "ऐतवारपतूर तो न्हाई आला तर मीच खाली जाणार. कॉफी का कुणासाठी थांबती?"

वामिंबीनं मान वर केली. "मग वरती तसं का बोललीस? परत जाणार, तुझ्यासाठी न्हाई येत..."

"तू इचारलंस का लागलं म्हणून, तोवर?"

तिला हसू आवरेना. त्याच्या ओल्या डोक्यावर हात टेकून ती हसत राहिली, आणि तोही खाली बसूनच हसायला लागला. गाडी शेजारी पडून होती, आणि पुढं बराच वेळ ती उचलायची दोघांपैकी कुणालाच आठवण झाली नाही.